तुटणारे खांब

ड्रायव्हरकाकांनी पस्तीस वर्षं बस चालवली आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांचं डावं अंग लुळं पडलं. हातपाय हळूहळू पुन्हा चालू लागले, पण डॉक्टरांनी बजावलं, यापुढे गाडी चालवायची नाही. त्या दिवसापासून माणूस खिडकीशी मुका होऊन बसला. बायको निवृत्त नर्स. जन्मभर परक्या माणसांना तिने बोलतं केलं होतं, पण घरच्या माणसापुढे तिची मात्रा चालेना.

शेवटी तिची भाची मदतीला धावली. ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची. एका रविवारी ती भलंमोठं खोकं घेऊन उगवली. टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, समोर रुंद स्क्रीन, आणि त्यावर बस चालवायचा गेम.

"पोरखेळ!" काकांनी नाक मुरडलं. त्या दिवशी जेवायला त्यांना तीनदा हाका माराव्या लागल्या.

महिनाभर घरात जीव आला. काका गेममधल्या रिक्षावाल्यांना खऱ्या शिव्या घालत. आणि मग एक दिवस त्यांनी स्टिअरिंगवर टॉवेल टाकून ठेवला.

"का हो, कंटाळलात?"

"हं."

नर्सबाईंना ते 'हं' पटलं नाही. दोन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. काका पेपर वाचताना मधूनच एक डोळा मिटत, मग दुसरा. तिसऱ्या दिवशी बाई समोर स्टूल ओढून बसल्या.

"डोळ्यांना काय होतंय? खरं सांगा."

काकांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "वळण घेतलं की खांब तुटतो गं. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. डोकं गरगरतं. पंधरा दिवस झाले. दुसरा झटका येणार असेल."

"पंधरा दिवस? आणि मला सांगायचं नाही?"

"सांगून काय? तू पुन्हा उशाशी बसून राहिली असतीस. मागच्या वेळी निम्मी झालीस."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच नर्स झाल्या. डोकं न हलवता माझ्या बोटाकडे बघा. हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. सगळं ठीक. मग त्यांनी काकांना खिडकीशी नेलं. "तो दिव्याचा खांब बघा. मान फिरवून बघा. तुटतो?"

"नाही."

"रस्त्यावरची गाडी?"

"सबंध आहे." काकांचा आवाज बदलला. "अगं, सगळं सबंध आहे!"

"मग दुखणं त्या डबड्याला आहे," म्हणत बाईंनी भाचीला फोन लावला.

संध्याकाळी भाची आली. काकांना बस चालवायला लावून ती मागे उभी राहिली. पहिल्याच वळणावर तिने कपाळावर हात मारला. "काका, मलाही तुटलेला दिसतोय! चूक माझी. पंधरा दिवसांपूर्वी मी तुम्हाला गेममध्ये नवीन, मोठं शहर घालून दिलं ना? तिथे गर्दी जास्त. कॉम्प्युटरला चित्रं काढायला कधी कमी वेळ लागतो, कधी जास्त. स्क्रीन मात्र ठरलेल्या ठेक्यानेच चित्र बदलते. एक चित्र अर्धं दाखवून होतं, तोवर दुसरं येऊन थडकतं. मग वरचा भाग जुना, खालचा नवा."

"म्हणजे माझे डोळे…?"

"ठणठणीत! या स्क्रीनमध्ये अडॅप्टिव्ह सिंक आहे. ते चालू असलं की स्क्रीन आपला ठेका सोडते, चित्र पुरं होईपर्यंत थांबते. मी वेंधळी, ते चालूच केलं नव्हतं."

स्क्रीनखालचं बटण दाबून तिने मेनूमधली ती सोय चालू केली, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्येही एक खूण केली. काकांनी दबकत वळण घेतलं. खांब आला, सरकला, गेला. अख्खा. त्यांनी पुन्हा वळण घेतलं, मग त्याच चौकाला चार प्रदक्षिणा घातल्या.

"अहो, प्रवासी खोळंबलेत," बाई म्हणाल्या.

"बसू देत!"

भाची गेली. काका गाडी हाकत होते, बाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. एका सिग्नलला काका समोर बघतच म्हणाले, "आणखी एक सांगायचं राहिलंय. डाव्या पायाचा अंगठा बधिर वाटतो. आठवडा झाला."

बाईंनी ताट बाजूला ठेवलं. ओरडावं असं मनात आलं, पण ओरडल्या नाहीत. टेबलाखाली मांडी घालून बसल्या आणि त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला. गेममधल्या बसला क्लच नव्हता, त्यामुळे त्या पायाला कामही नव्हतं.

"इथे कळतंय? आणि इथे?"

"तिथे कळतंय. तिथे जरा कमी."

"उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं."

एरवी काकांनी दहा सबबी सांगितल्या असत्या. "जाऊ," ते म्हणाले, आणि सिग्नल सुटल्यावर त्यांनी बस अगदी हळू पुढे घेतली.