सोबतीला तिसरा कुणीतरी

हुपरीहून कोल्हापूर एसटीनं तासाभराचं. तरी मी ते पाहिलं होतं ते दवाखान्यापुरतं आणि लग्नाच्या हॉलपुरतं. आमच्या मालकांसोबत नुसतं हिंडायला म्हणून मी कधी गेलेच नव्हते. ते जायचे राजकोटला, सेलमला, आग्र्याला. हुपरीची पैंजणं पिशवीत घालून गावोगावच्या सराफांना विकणं हा त्यांचा धंदा, आणि घरी बसून त्याच पैंजणांच्या कड्या जोडणं हा माझा. महिन्यातले थोडे दिवस ते घरी असायचे, तेही तोंडाला कुलूप लावून. जेवताना "मीठ बरोबर हाय" एवढं म्हणाले की त्या दिवसाचं आमचं बोलणं संपलं.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला, त्यांची फेरी बंद झाली आणि हा मुका माणूस कायमचा माझ्या घरात येऊन बसला. दिवाळीनंतर लेक आयेशा म्हणाली, दोघं कोल्हापुरात जाऊन लॉजवर राहा, निवांत शहर बघून या. मी हरखले. माझं मागणं काही मोठं नव्हतं. या माणसानं एकदा तरी माझ्याशी पोटभर बोलावं, बस्स.

पहिला दिवस नव्या राजवाड्यात गेला. मी भिंतीवरच्या तलवारी बघत होते आणि हे बायकांचे पाय. धंद्याची सवय, दुसरं काय! कुणाच्या पायात कुठल्या घडणीचं पैंजण आहे ते बघितल्याशिवाय यांना चैन पडत नाही. एका बाईनं असे डोळे वटारले की शेवटी मलाच मध्ये पडून समजावावं लागलं, की बाई, यांची नजर चांदीवर आहे, तुमच्यावर नाही. तेव्हाही हे गप्प. रंकाळ्यावर गार वाऱ्यात बसलो, तिथंही गप्प. लॉजच्या खोलीत तर यांच्यापेक्षा पंखा जास्त बोलत होता.

दुसऱ्या दिवशी परतायला स्टँडवर आलो तर उसाच्या दरासाठी चक्का जाम. रस्त्यात टायर पेटलेले, एकही गाडी सुटेना, लोक कंट्रोलरशी हुज्जत घालत होते. आमच्या शेजारी बाकड्यावर शाहूवाडीकडचे गुंडूभाऊ म्हणून एक गृहस्थ बसले होते. कोर्टाच्या कामाला आलेले, तेही अडकलेले. "पावणं, कुठलं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि आमच्या मालकांच्या तोंडाचं कुलूप निघालं.

मी बघतच राहिले. हातवारे काय, चेष्टा काय! सेलमच्या एका सराफाची त्यांनी अशी नक्कल केली की मी तोंडाला पदर लावून हसले. आवाजसुद्धा वेगळा, मोकळा. हा माणूस मी आजवर पाहिलाच नव्हता. परगावच्या लोकांनी माझा नवरा इतकी वर्षं वापरला आणि उरलेला माझ्याकडं पाठवला, असा संताप आला मला.

मग मी डाव टाकला. गुंडूभाऊंना म्हटलं, आज काही गाड्या सुटत नाहीत, आमच्याच लॉजवर चला. संध्याकाळी त्यांना दूध कट्ट्यावर नेलं. तिथं म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ दूध तसंच पेल्यातून हातात देतात. ते उठायला लागले की मी आणखी एक पेला मागवायचे. नवराबायकोच्या सहलीत परक्याला इतका आग्रह करणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

तिथंच त्यांनी मालकांना विचारलं, इतकी वर्षं परमुलखात काढलीत, घरची आठवण यायची नाही का?

"येत न्हाय व्हय?" मालक म्हणाले. "जेवण झालं की खोलीत पैंजण काढून बसायचो. हिनं जोडल्याली कडी मी वळखतो. हिचा हात जरा घट्ट हाय. तिच्यावर बोट फिरवायचो आन् दिवसभर काय काय झालं त्ये समदं सांगायचो. खुळ्यागत."

माझा पेला हातातच राहिला. मी घरी कड्या जोडायचा चिमटा धरून यांची वाट बघत होते आणि हे तिथं कडीशी बोलत होते. इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं की मला मान वर करता येईना.

सकाळी रस्ता मोकळा झाला. निदान चहा घेऊन जा, असं मी गुंडूभाऊंना किती म्हटलं, पण त्यांचं भात कापायचं राहिलं होतं. ते शाहूवाडीकडच्या मलकापूर गाडीत चढले आणि आम्ही हुपरीच्या. खिडकीशी हे, शेजारी मी. शहर मागं पडलं तसे हे पुन्हा मिटत गेले. मी बराच वेळ वाट बघितली आणि मग लाज सोडून विचारलं.

"अवो, त्या कडीला सांगत हुता त्ये आता मला सांगा की. मी हाय की हितं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मायेनं पाहिलं, ते खोटं नव्हतं. काहीतरी बोलायला ओठ हललेही. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले,

"तुला काय सांगायचं? तू घरचीच की."

पुढच्या थांब्यावर एक अनोळखी म्हातारा गाडीत चढला आणि जागा शोधू लागला. मी त्याला हाक मारली आणि सरकून आमच्या दोघांच्या मध्ये जागा करून दिली.