लाल बाजू वर असताना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. लिंबाएवढा, सहा बाजूंचा आणि जन्मापासूनचा चुळबुळ्या. मला एका जागी ठेवलं की माझा जीव कासावीस होतो. आणि नशीब बघा, माझ्या वाट्याला कामच असं आलं की तासन् तास बाकावर बसून राहायचं आणि कुणीतरी उलटेल याची वाट बघायची.

आधी मी एका होडीची डोलकाठी होतो. फ्रीसलंड प्रांतातल्या आमच्या गावात पाणी जास्त आणि जमीन कमी, त्यामुळे मोडक्या होड्यांना तोटा नाही. शेर्प नावाच्या म्हाताऱ्या सुताराने त्या डोलकाठीचे सत्तावीस तुकडे पाडले, ते वीत्स्केबाईंसाठी. बाई तेव्हा शाळेत नव्या होत्या. तिसरीची सत्तावीस मुलं दिवसभर "बाई, बाई" करून त्यांचं डोकं खात होती.

"फासे करायचेत का जुगाराचे?" शेर्पने विचारलं.

"नाही हो काका. पोरांची तोंडं बंद करायचीत."

"मग खिळे घेऊन जा की."

"खिळ्यांना आईबाप परवानगी देत नाहीत," बाई म्हणाल्या आणि तिथेच बसून त्यांनी आम्हाला घासायला घेतलं.

मग त्यांनी आम्हाला रंगवलं. दोन बाजू हिरव्या, दोन लाल, आणि प्रत्येक लाल बाजूच्या बरोबर उलट बाजूला पांढऱ्यावर काळं प्रश्नचिन्ह. हिरवी बाजू वर असली की शेजाऱ्याने हळू आवाजात काही विचारलं तरी चालेल. लाल वर असली की मी कामात आहे, मला कुणी त्रास देऊ नका. प्रश्नचिन्ह वर असलं की, बाई, माझं अडलंय. बाई ठरलेल्या वाटेने वर्गात फेरी मारत, खिडकीकडून निघून दारापर्यंत. प्रश्नचिन्हापाशी थांबत, लाल दिसलं की पुढे जात. कुणी हात वर करायचा नाही, ओरडायचं नाही.

आठवड्याभरात वर्ग इतका शांत झाला की हेडमास्तर मैंडर्टसर दार उघडून बघून गेले, मुलं आहेत ना म्हणून. शेजारच्या गावच्या शिक्षिका आम्हाला बघायला येऊ लागल्या. त्या वहीत लिहून घेत आणि बाई लाजत. माझी तर छाती फुगून यायची. पाच वर्षं मी असा मिरवलो. मुलांनी मला फाशासारखं लोळवलं, सशासारखं कुरवाळलं, एकाने तर माझा कोपरा कुरतडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र आम्हाला पत्र्याच्या डब्यात कोंबून कपाटावर टाकत. सहा आठवडे अंधार. त्या डब्यात मी किती तळमळलो, ते बाकीच्या सव्वीस जणांना विचारा. त्यांना झोपच लागू दिली नाही मी.

सहाव्या वर्षी मी हिस्केच्या बाकावर आलो.

हिस्के आठ वर्षांची. जन्म इथलाच, पण चार वर्षं आईबरोबर इंग्लंडला राहून नुकतीच परत आली होती. बोलणं अगदी आमच्या गावचं, त्यामुळे ती कधी बाहेर होती हे सगळे विसरूनही गेले. तिने पहिल्या आठवड्यात मला दोनदा प्रश्नचिन्हावर ठेवलं. नंतर तिने माझी लाल बाजू वर केली आणि ती तशीच राहिली. सोमवारी लाल, मंगळवारी लाल, महिनाभर लाल. प्रश्नचिन्ह खाली, बाकाला चिकटलेलं. मी त्याच्यावर बसून होतो. मला आतून नुसती खाज सुटायची. बाई जवळून जात, त्यांच्या झग्याचा वारा मला लागे आणि त्या पुढे जात. लाल आहे ना, मग पोरगी कामात आहे. प्रत्यक्षात तिची वही कोरी असे.

आता टेबलाचं सांगतो. वर्गाच्या कोपऱ्यात अर्धचंद्राच्या आकाराचं एक टेबल होतं. नवीन गणित बाई तिथे शिकवत, एका वेळी तिघांना. प्रत्येकाच्या कार्डावर त्याची वेळ अक्षरात लिहिलेली असे, आणि घड्याळ बघून ज्याने त्याने आपणहून यायचं, हाक मारायची पद्धत नव्हती. हिस्केच्या कार्डावर होतं, 'अर्धे अकरा'. तुम्ही ज्याला साडेदहा म्हणता, त्याला आमच्याकडे अर्धे अकरा म्हणतात.

साडेदहाला बाकीचे दोघे जात. हिस्के जागची हलत नसे. तासाभराने ती वही उचलून टेबलापाशी जाई, तर तिथे दुसरेच तिघे बसलेले.

"आल्या हिस्केबाई!" शेजारचा वोबे म्हणे. "आजच्या आहात की कालच्या?"

"अगं, टेबल तुझी वाट बघून म्हातारं झालं," दुसरी कुणी म्हणे, आणि सगळी फिदीफिदी हसत.

बाई एकदा रागावल्या. "हिस्के, तुला अर्ध्या अकराला यायचं असतं. ठाऊक आहे ना?"

"मी येते, बाई. अगदी वेळेवर येते."

"उलट बोलायचं नाही. तुझी वेळ गेली, बस जागेवर."

हिस्के जागेवर आली आणि तिने मला इतकं घट्ट धरलं की तिच्या नखाखाली माझा लाल रंग गेला. मग ती पेन्सिलीने माझ्या खालच्या बाजूवर काहीतरी गिरवत बसली. मला गुदगुल्या होत होत्या, आणि रडूही येत होतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मैंडर्टसर वर्गात आले.

"हिला पुढच्या वर्षी परत तिसरीतच बसवू या," ते म्हणाले. "गणिताचं पान कोरं, वेळेचं भान नाही. शुक्रवारी आईला बोलावलंय, तेव्हा सांगून टाकू."

"पोरगी मठ्ठ नाही हो, सर."

"मग काय आहे?"

उत्तर त्यांच्यापासून दोन हातांवर बाकाला पोट लावून बसलं होतं. मी मनातल्या मनात किती कोलांट्या मारल्या म्हणून सांगू! पण मनातल्या कोलांटीने ठोकळा हलत नाही.

बुधवारी शाळा दुपारीच सुटते. त्या दिवशी बाईंनी आम्हा सगळ्यांना साबणाने धुवायला घेतलं. मला हिस्केच्या बाकावरून उचलून उलटं केलं आणि त्या वैतागल्या. "पेन्सिल! रंगवलेल्या ठोकळ्यावर!" त्या घासायला लागणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. प्रश्नचिन्हाशेजारी एक इवलंसं घड्याळ काढलेलं होतं. मोठा काटा सहावर, लहान काटा अकराच्या पुढे. साडेअकरा. त्याखाली 'अर्धे अकरा', आणि त्याखाली त्याहून बारीक अक्षरात, 'मी आले होते'.

बाई कितीतरी वेळ नळ चालू ठेवून उभ्या होत्या. मग त्यांनी साबणाच्या हातानेच कपाळावर मारून घेतलं. "अगं बाई! इंग्लंड!"

दुसऱ्या दिवशीही माझी लाल बाजू वर होती. बाई फेरीला निघाल्या आणि आमच्यापाशी थांबल्या.

"बाई, लाल आहे," वोबे म्हणाला. "लालला थांबायचं नसतं. नियम तुमचाच आहे."

"मीच केला, मीच मोडते. तू आधी तुझा ठोकळा तोंडातून काढ."

त्या हिस्केच्या बाकाशी जमिनीवर बसल्या. "तिकडे तुझ्या जुन्या शाळेत अर्धे अकरा म्हणजे किती गं?"

हिस्केने बोटाने बाकावर काटे काढून दाखवले. साडेअकरा.

"बरोबर. तिकडे अकरा वाजून गेल्यावरचा अर्धा तास धरतात. इथे अकरा वाजायला अर्धा तास उरला की म्हणतात. चूक तुझी नाही, बाळा. मी विचारायला हवं होतं."

हिस्केने बाकावर बोटाने पुन्हा काटे काढले, या वेळी साडेदहाचे. मग म्हणाली, "म्हणजे मी यायचे तेव्हा माझं टेबल खरंच संपलेलं असायचं?"

"हो."

"मला वाटायचं, मी तुम्हाला तिथे नकोच आहे."

बाईंनी तिचा हात धरून ठेवला. थोड्या वेळाने हिस्केने तो हात सोडवून घेतला आणि मला उलटं केलं. महिनाभराने बाकावर माझं प्रश्नचिन्ह वर आलं.

"विचार," बाई म्हणाल्या.

"सगळे प्रश्न विचारू?"

सगळे विचारून होईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. त्या दिवशी वर्गात भरपूर गोंगाट झाला आणि तो कुणी थांबवला नाही. शुक्रवारी बाईंनी हिस्केच्या आईची माफी मागितली. तिसरीत परत बसवायचा विषय मैंडर्टसरांनी काढला नाही. आता कार्डावर अक्षरांशेजारी घड्याळाचं चित्र असतं, आणि बाई दिवसातून एकदा लाल ठोकळ्यांपाशीही थांबतात.

मित्रांनो, माझा रंग उडाला तरी चालेल, कोपरे कुरतडले तरी चालेल. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या वर्गात कुणी बरेच दिवस लाल बाजू वर ठेवून गप्प बसलं असेल, तर तिथे थांबा आणि ठोकळा उचलून खाली काय आहे ते बघा. आम्हाला आपणहून उलटता येत नाही.