उंबराचे निर्देशक

वाटणीच्या वेळी हौसाबाईंनी आपल्या दोन मुलांकडे एकच गोष्ट मागितली होती. शेतातला उंबर नव्या बांधावर यावा, म्हणजे सर्वपित्रीला दोघे भाऊ एकाच झाडाखाली वडिलांचे पान ठेवतील. त्या माउलीचे हे मागणे माझ्या हातून मोडले.

छत्तीस वर्षे मी कल्याणच्या एका शाळेत गणित आणि संस्कृत शिकवले. आंबिवलीचे गणू आणि बाबुराव हे दोघे भाऊ माझेच विद्यार्थी. त्यांचे शेत रस्त्यापासून काळू नदीपर्यंत उतरत जाते. रस्त्याकडच्या जुन्या बांधाच्या मधल्या दगडापासून नदीपर्यंत, त्या बांधाला लंब रेषा आखायची आणि शेत दोघांत वाटायचे, असे ठरले होते. मोजणीदार न आणता त्यांनी मला बोलावले.

"गुरुजी दाखवतील तिथे दगड," बाबुराव म्हणाला. धाकटा असूनही बोलण्यात तोच पुढे असे.

"आणि चुकले तर?" गणू हसत म्हणाला.

"चुकायला ते काय तुझ्यासारखे शेवटच्या बाकावर बसायचे?"

त्यांच्या घराण्यात एक रीत आहे. बांधाच्या दगडाला घरातील थोरल्या स्त्रीने हळदकुंकू लावून नारळ वाढवला, की तो दगड पुन्हा हलवीत नाहीत. म्हणून मी फीत धरून मापे काळजीपूर्वक घेतली. शेताचा कोपरा हा आरंभबिंदू धरला. नकाशावर जुना बांध ऐंशी मीटरांत अवघा चार मीटर नदीकडे सरकत होता. त्याचा चढ एक विसांश. मधला दगड चाळीस आणि दोन या निर्देशकांवर, उंबर अडतीस आणि बेचाळीस या निर्देशकांवर.

इतका अल्प चढ आलेखकागदावर नीट दिसेना. म्हणून मी आडव्या अक्षावर एका सेंटीमीटरला दहा मीटर आणि उभ्या अक्षावर पाच मीटर असे प्रमाण घेतले. मग मधल्या दगडाच्या बिंदूवर गुण्या ठेवला आणि पेन्सिलीने लंब ओढला. रेषा उंबराला टाळून गेली. जमिनीवर ते अंतर सहा मीटर भरले आणि झाड गणूच्या वाट्यात गेले.

हौसाबाई पदर सावरत पुढे आल्या. "मास्तर, ह्यांनी मधल्या दगडापास्नं दोरी ताणून झाड लावलेलं. तीन गाठी, चार गाठी, पाच गाठी मोजून काटकोन धरलेला. मी दोरीचं टोक धरलेलं."

यज्ञवेदी दोरीने आखणाऱ्या प्राचीन ऋत्विजांचे कौतुक मी वर्गात वर्षानुवर्षे केले होते. तीच विद्या एका शेतकऱ्याच्या हातात होती, असे त्याची पत्नी सांगत होती, आणि मी म्हणालो, "आई, दोरी सैल पडते. गुण्या खोटे बोलत नाही."

बाबुरावाने उंबराकडे एकवार पाहिले. "गुरुजींनी सांगितले ना, मग झाले."

हौसाबाईंनी नदीकाठच्या दगडावर नारळ वाढवला.

त्या वर्षी गणूने त्या रेषेवर भिंत घातली. सर्वपित्रीला तो भावाला म्हणाला, "ये की आत, फाटक उघडे आहे." बाबुराव म्हणाला, "बापाला पान ठेवायला तुझ्या फाटकातून येऊ?" त्याने भिंतीच्या आपल्या बाजूलाच पान ठेवले. पुढच्या वर्षी तेही ठेवले नाही. तो टिटवाळ्याला राहायला गेला.

गणूची मुलगी कल्पिता या वर्षी अकरावीत गेली आणि रेषांची समीकरणे शिकायला माझ्याकडे येऊ लागली. एके दिवशी तिने घरात सापडलेला तोच वाटणीचा जुना आलेखकागद माझ्यापुढे पसरला.

"गुरुजी, समांतर रेषांचे चढ समान, आणि लंब रेषांच्या चढांचा गुणाकार उणे एक. बरोबर?"

"बरोबर."

"मग बांधाचा चढ एक विसांश, तर नव्या बांधाचा उणे वीस. मधल्या दगडातून समीकरण येते वीस एक्स अधिक वाय बरोबर आठशे दोन." तिने उंबराचे निर्देशक त्यात घातले. सातशे साठ आणि बेचाळीस. आठशे दोन. "कागदावरच्या रेषेचा चढ मात्र मीटरांत मोजला तर उणे पाच निघतो. दोन्ही अक्षांचे स्केल वेगळे आहे ना? मग गुण्या कसा चालेल?"

प्रमाण असमान असले तरी समांतर रेषा समांतर राहतात. काटकोन मात्र तसा राहत नाही. हे मीच शिकवीत आलो होतो. झाड रेषेवरच होते.

"बाबांना सांगू?" तिने हळूच विचारले.

"नको, बाळ. चूक माझी आहे, सांगणेही माझेच."

दुसऱ्या दिवशी मी आंबिवलीला गेलो. गणूने सगळे ऐकून घेतले. "दगड आईचा आहे, गुरुजी. ती म्हणेल तर भिंत पाडतो."

हौसाबाई उंबराखाली पाने वेचीत होत्या. मी हात जोडून त्यांना सारे सांगितले.

"मला ठावं होतं, मास्तर. दोरी मी धरलेली."

"मग दगड हलवू या. मी बाबुरावाला घेऊन येतो."

"मी गेल्या महिन्यात गेले होते त्याच्याकडं. म्हणाला, आता झाड माझ्या अंगणात आणून लावलंस तरी मी त्याच्याखाली यायचा नाय." त्यांनी ओच्यातली पाने सारखी केली. "आणि नारळ मीच वाढवला. साऱ्या गावाची पोरं तुमच्या हाताखाली शिकली. त्यांना काय सांगू, मास्तर चुकले म्हणून? राहू द्या तिथंच."

माझ्या पांडित्याची लाज त्या निरक्षर स्त्रीने अशी झाकली. त्यासाठी तिने जे सोडून दिले, ते दोघा मुलांचे एक झाड, मीच तिच्याकडून हिरावले होते.

यंदाच्या सर्वपित्रीला मी तिथे होतो. गणूने एक पान ठेवले. दुसरे हौसाबाईंनी वाढले, वरण, भात, वडे, खीर, आणि भिंतीच्या माथ्यावर ठेवून पलीकडच्या शेताकडे पाहत उभ्या राहिल्या. गणूच्या पानाला कावळा शिवला. भिंतीवरच्या पानातला भात उन्हाने वाळत गेला. दुपार कलल्यावर त्यांनी ते पान उतरवून माझ्या हाती दिले.

"टिटवाळ्याला न्याल का, मास्तर?"

मी नेले. बाबुरावाच्या दाराला कुलूप होते.