डोणीतलं पाणी

लोहारानं पहिला घण घातला तो रिकाम्या माठावर. खापऱ्या पार भट्टीपर्यंत उडाल्या.

"पाणी कुठं लपवलंस, सांग! नाहीतर दुसरा तुझ्या टाळक्यात घालीन!"

"घाला की! मग बसा तहान घेऊन एकटेच," बायको म्हणाली. मागं मात्र सरकली नाही.

तो तिच्या अंगावर थुंकायला गेला. गाल ओढले, मान झटकली, पण थेंब निघेना. जीभ टाळूला चिकटलेली.

एके काळी हाच गडी घागर तोंडाला लावून रिकामी करायचा. आता दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा शहरात जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं आणि दिवसाला दोन पेले पाणी, बस्स. जास्त झालं की छातीत साचायचं. मागं एकदा श्वास कोंडून मरता मरता वाचला होता.

तोंडाला पाणी सुटावं म्हणून तिनं त्याला खारवलेलं लिंबू चघळायला द्यायला सुरुवात केली, आईनं शिकवलेला उपाय. काल शहरात यंत्रावरच्या नर्सबाईनं ते ऐकून कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाई, मिठानंच तर तहान भडकते! ताज्या लिंबाची बारीक फोड द्या, चूळ भरून थुंकायला लावा." म्हणजे आगीत तेल आपणच ओतत होतो! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज ताजी फोड घेऊन ती समोर उभी होती.

"घाल चुलीत तुझं लिंबू!" लोहार ओरडला आणि वळला तो डोणीकडं. लाल लोखंड विझवायचं काळं, राखेचं पाणी तिच्यात भरलेलं.

"दादा, नको!" भाता ओढणाऱ्या धाकट्या भावानं धावत येऊन त्याच्या कंबरेला मिठी घातली. लोहारानं कोपर मारलं तसं भावाचं नाक फुटलं. तेवढ्यात बायकोनं डोणीला खांदा लावला. डोण कलंडली, तापल्या मातीनं पाणी चर्र करून पिऊन टाकलं.

मग लोहार लोहार राहिला नाही. सांडशी भिरकावली, तिची भुवई फोडली आणि गुडघ्यावर पडून चिखल चाटायला लागला.

"भावजी, पाय धरा!" ती त्याच्या छातीवर बसली. यंत्राच्या सुया टोचायचा त्याचा डावा हात तेवढा तिनं जपला. फोड जबड्यात कोंबली, तोंड दाबून धरलं. तो तिच्या बोटाला कडकडून चावला. ती किंचाळली, पण हात काढला नाही.

"चघळा! मला शिव्या द्या, पण चघळा!"

हळूहळू त्याचं धडपडणं थांबलं. गालफडं हलायला लागली. तिनं हात काढला. त्यानं डोळे वटारले आणि थू करून तिच्या तोंडावर थुंकला.

गालावरून रक्तात मिसळून ओघळ खाली आला. तिनं हात लावून पाहिलं.

"भावजी, बघा हो!" ती रडत रडत हसली. "थुंकी आली! ओली आहे, बघा!"

लोहारानं तोंड फिरवलं.

"दुसरी फोड आण," तो म्हणाला.