राखणीची बंदूक

आमच्या बेटावर बंदुकीचा बार झाला की अस्वलाला वाटतं, आपल्याला जेवायला बोलावलं. हरीण आम्ही मारायचं आणि पंगतीला त्याने बसायचं, अशी त्याची समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. म्हणून कोडियाकवर हरणाच्या शिकारीला शहाणं माणूस एकटं जात नाही. एकाने हरणाचं पोट फाडून आतडी काढायची, दुसऱ्याने बंदूक घेऊन राखण करायची. आमच्यात पोट फाडायचं काम धाकट्या बहिणीचं, फेवाचं. राखण माझी.

दोघींत वडिलांची एकच रायफल. नेम धरायला नळीच्या टोकावर माशी आणि मागे खाच, बस. तरुणपणी मला तेवढं पुरायचं. पन्नाशी उलटली आणि डोळ्यांनी दगा दिला. माशी नीट दिसली तर हरीण धूसर, हरीण नीट दिसलं तर माशी गायब. गेल्या साली एक हरिणी माझ्या हातून जखमी झाली आणि झुडपात शिरली. दिवसभर शोधूनही सापडली नाही. असला मार मला सहन होत नाही. मारायचं तर एका बारात, नाहीतर घरी बसावं.

मग फेवाच्या नवऱ्याने, लावरेन्तीने, गावातून दुर्बीण आणून रायफलीवर चढवली. त्याची कंबर गेलीय, डोंगर चढवत नाही. पण सल्ला द्यायला कंबर कशाला लागते?

"मात्रोनाताई, नीट ऐका," तो म्हणाला. "हरणाला दुर्बीण. हरीण पडलं की या दोन कड्या उलट्या फिरवायच्या, दुर्बीण काढून खिशात टाकायची. अस्वल अंगावर आलं तर दुर्बिणीत नुसते केस दिसतात. पोटाचे का पायाचे, देवालाही कळायचं नाही. तिथे माशीच पाहिजे."

"सारखी काढ-घाल केली तर नेम सरकेल," फेवा म्हणाली.

"नाही सरकत. दुकानदाराने सांगितलंय."

"मग दुकानदारालाच पाठव ना ताईबरोबर. तोच फाडेल हरीण."

नवरा-बायकोचं हे भांडण संपेपर्यंत माझा पिरोकचा, मासा-भात भरलेल्या पावाचा, दुसरा तुकडा संपला होता. लावरेन्तीचं मला पटलं होतं. पण त्याला तसं सांगितलं असतं तर तो वर्षभर हवेत राहिला असता.

बर्फ डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलं तेव्हा आम्ही निघालो. होडी खाडीच्या टोकाला ओढून ठेवली आणि भुरभुर पावसात चढायला लागलो. फेवाने नवऱ्याचा जाड तपकिरी लोकरी कोट घातला होता. दोन्ही बाजूंना आल्डरची झुडपं, आत माणूस उभा असला तरी दिसणार नाही इतकी दाट. त्यांच्याजवळून जाताना आम्ही दोघी मोठमोठ्याने बोलतो. भीती वाटत नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो किंवा बेटावर नवा असतो.

उघड्या उतारावर नर दिसला. दुर्बिणीला डोळा लावला आणि मी चकितच झाले. त्याच्या मिशीवरचे पावसाचे थेंबसुद्धा दिसत होते. किती दिवसांनी इतकं स्वच्छ दिसलं होतं मला. एका बारात तो बसला तो उठला नाही. मी नवं काडतूस नळीत सारलं आणि सुरक्षेचा खटका लावला. ती वडिलांनी लावलेली सवय, हात आपोआप करतो.

उतार घसरडा होता. हरीण घळीत जाऊ नये म्हणून फेवाने शिंगांना दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि टाच दगडाला रोवून कामाला लागली. मी कड्यांना हात घातला.

"थांब ताई," ती हळूच म्हणाली. "वर बघ."

माथ्यावर दुसरा नर उभा होता.

"राहू दे दुर्बीण. तो खाली उतरला की घे त्यालाही. परत यायला नको."

"लावरेन्ती काय म्हणाला?"

"लावरेन्ती शेगडीपाशी बसलाय. त्याचं काय जातंय?"

मला मोह झाला. एका खेपेत वसंतापर्यंतचं मांस झालं असतं. मी दुर्बीण राहू दिली आणि तिला डोळा लावून माथ्याकडे बघत उभी राहिले. त्या गोल तुकड्याबाहेरचं जग मला नव्हतंच. मागे फेवाची सुरी चालत होती आणि तोंडही. मग तोंड थांबलं.

मी वळले. अस्वल हरणावर होतं. फांदीही न मोडता ते झुडपातून आलं होतं. पलीकडे फेवा पालथी पडून होती, हलत नव्हती, लहानपणी शिकवलं होतं तशी. तिला तसंच सोडून ते गेलंही असतं. पण त्याने हरणाची मागची तंगडी धरली आणि ते झुडपाकडे मागे सरकायला लागलं. दोर ताणला. हरणामागून फेवाही उताणी होऊन फरपटत निघाली.

बंदूक खांद्याला लावली. दुर्बिणीत तपकिरी. सरकवली, तरी तपकिरी. ओलं, केसाळ, गोल भरून. फेवा ओरडली आणि मी चाप ओढला.

बार झाला नाही. खटका लावलेला होता.

अंगठा खटक्यावर गेला, आणि तेवढ्यात त्या तपकिरीच्या मधोमध, दोन काळ्या रेघा एकमेकींना छेदतात तिथे, मला एक बटण दिसलं. काळं, चार भोकांचं. लावरेन्तीच्या कोटाचं.

कड्या उघडायला गेले तर थंडीने सुजलेली बोटं वळेनात. बंदूक गवतात टाकली. कमरेची सुरी काढली आणि धावले. इतकी भ्याले होते की पाय माझे आहेत असं वाटत नव्हतं. अस्वलाच्या तोंडाचा कुजक्या मासळीचा वास नाकात शिरला. दोर तारेसारखा ताणलेला, सुरी टेकवताच तुटला. अस्वलाने माझ्याकडे पाहिलं, नाकातून फुसकारलं आणि हरीण घेऊन आल्डरमध्ये गेलं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

होडीत फेवा हसत होती आणि रडत होती. तिच्या मांडीवर फरपटल्याची साल गेली होती, बाकी काही नाही.

"सुरी घेऊन अस्वलावर जातं का कुणी, येडे? बार का नाही टाकलास?"

"दुर्बिणीत काही दिसेना."

"मी म्हणाले होते राहू दे म्हणून. माझीच चूक," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी वल्ही घट्ट धरून बसले. तिला बटणाचं काही सांगितलं नाही.

गावात माझं कौतुक झालं. बान्याच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, उबेत बायका मला ती सुरी कशी चालवली ते पुन्हा पुन्हा विचारायच्या, आणि फेवा माझ्या वतीने तिखटमीठ लावून सांगायची. मी अंगावर पाणी घेत राहायची. दुर्बीण मी लावरेन्तीला परत दिली. तो 'मी म्हणालो होतो ना' असं म्हणाला, आणि पहिल्यांदाच मी त्याला उलट बोलले नाही.

आता माशीवर नेम धरायचा तर हरणाच्या अगदी जवळ जावं लागतं. म्हणजे आल्डरच्या आतच. परवा आम्ही गेलो. फांद्या बाजूला करत, कुजबुजत, दर पावलाला थांबत. हरीण इतकं जवळ होतं की माशी धूसर असूनही चुकले नाही. एका बारात पडलं. फेवाने या वेळी दोर घेतलाच नाही. ती माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली आणि तिची सुरी सुरू झाली. चारी बाजूंना झुडपं. एक फांदी हलली. वारा असेल.

माशीतून सगळं दिसतं. अस्वल दिसेल आणि फेवाची पाठही वेगळी दिसेल. पण चाप ओढणारं बोट तेच आहे.

"ताई, आहेस ना?"

"आहे."

"बघतेस ना नीट?"

"बघतेय. तू तुझं काम कर," मी म्हणाले, आणि आवाज होऊ न देता बंदुकीतली काडतुसं एकेक करून काढून खिशात टाकली.