पायाचा बीपी

पुष्पा रविवारी आमच्या बंजारा तांड्यावर यायची तीही युनिफॉर्म घालून. सुट्टीच्या दिवशी युनिफॉर्म कोण घालतं? पण ती घालायची, खिशाला पेन लावायची आणि दारव्ह्याच्या एसटीतून उतरून फाट्यापासून अशी चालत यायची, जणू सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर माणसं तिच्यासाठीच बसलीत. तिच्यासाठीच बसलेली असत, हे आणखी वाईट.

मग तिच्या ओसरीत बीपीचा कार्यक्रम. बॅगेतून मशीन निघायची, तांड्यातली म्हातारी मंडळी रांगेत बसायची आणि त्या रांगेत सगळ्यात पुढे माझी आई, मानीबाई. घरात सख्खी मुलगी नर्स असताना.

मीही नर्सच आहे. हे सांगावं लागतं यातच सगळं आलं. पुष्पा आणि मी एकाच तांड्याच्या, नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाला एकाच बॅचच्या, यवतमाळात होस्टेलच्या एकाच खोलीतल्या. मार्क कायम माझे जास्त. निकाल लागल्यावर तिला यवतमाळातच लोहाऱ्याजवळच्या एका हॉस्पिटलात लगेच नोकरी लागली. मी मोठ्या डोक्याची, मी तिथेच पोस्ट बेसिक बीएस्सीला, म्हणजे नर्सिंगच्या डिग्रीला, नाव घातलं. डिग्री झाली की सरकारी जागा बघू, तोवर हात बसायला कुठेतरी लागू, असा माझा बेत होता. पण जिथे जावं तिथे तेच. अनुभव आहे का? नाही. कॉलेज दिवसा असतं का? हो. मग बाई, तुमचा आम्हाला काय उपयोग? वर्षभर हेच ऐकलं. शेवटी माझे वडील खेमसिंग म्हणाले की सोयाबीन निघेपर्यंत नोकरी लागली तर दुसरं वर्ष कर, नाहीतर कॉलेज सोडून घरी ये. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते चहा पीत बोलले.

आईला मी एकदा विचारलंच, घरातली नर्स सोडून शेजारी कायले जाते म्हणून.

"पुष्पा हासून सांगते," आई म्हणाली. "तू त माही परीक्षा घेतल्यावानी विचारते."

माझी लाही लाही झाली. कारण पुष्पा माझ्या आईचा बीपी घ्यायची तो माझ्या युक्तीने. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या दंडात कोपरापासून वरपर्यंत चुडा असतो आणि नवरा जिवंत असेतो तो उतरत नाही. बीपीचा पट्टा बांधायला दंड मोकळा लागतो. आम्ही शिकत असताना दिवाळीच्या सुट्टीत आईवर सराव करायला बसलो. चुडा काढ म्हटल्याबरोबर आईने हात असे मागे घेतले की मी कोयताच उगारलाय. तेव्हा मी म्हटलं, पायाला लावून पाहू. घोट्याच्या वर पट्टा मी बांधला. पुष्पाने फक्त पायातलं कडं वर सरकवून धरलं होतं. आता तीच बाई तांडाभर पायाचा बीपी बघत फिरत होती आणि लोक तिच्या हुशारीचं कौतुक करत होते.

सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडल्या, मी दोन दिवस घरी आले होते आणि पुष्पाचा फोन आला. आमच्याकडे एक जागा निघाली, येऊन जा. येऊन जा म्हणे! हळदीकुंकवाचं बोलावणंच जसं. पुष्पाच्या मेहरबानीची नोकरी करण्यापेक्षा शेतात निंदायला गेलेलं काय वाईट, असं रात्रभर घोकलं आणि सकाळी पहिल्या एसटीने निघाले.

तिथल्या इनचार्ज सिस्टर विमलताई. त्यांनी कागदपत्रं बघितली न बघितली आणि मला वॉर्डात नेलं. तिथे गोंधळ चालला होता. सुखीबाई नावाची आमच्याच समाजाची म्हातारी चक्कर येऊन पडली म्हणून दोन दिवसांपासून भरती होती. तिचे मालक लखीराम पलीकडच्या वॉर्डात न्यूमोनियाने आजारी. एक सिस्टर पट्टा घेऊन उभी होती, चुडा काढा म्हणत होती आणि सुखीबाई दोन्ही दंड कवटाळून भिंतीकडे तोंड करून रडत होती. नवरा तिकडे ऑक्सिजनवर असताना इकडे चुडा काढायला सांगतात, हे तिला कसं वाटलं असेल ते त्या सिस्टरला कळायचं कारण नव्हतं. पुष्पा ऑपरेशन थिएटरमध्ये होती.

"घे बरं यायचा बीपी," विमलताई मला म्हणाल्या.

मी सुखीबाईजवळ बसले. 'याडी' अशी हाक मारली. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तिने मान वळवली. चुड्याला कोणी हात लावणार नाही असं सांगितलं, तिला सरळ निजवलं, पायातलं कडं वर सरकवलं आणि घोट्याच्या वर पट्टा बांधला. पायाचा आकडा हातापेक्षा जरा जास्त येतो, म्हणून कागदावर आकड्यापुढे 'पाय' असं लिहिलं. नोकरी लागली, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

"ह्ये तर आमच्या पुष्पाची आयडिया," विमलताई म्हणाल्या. "तिनंच शिकवली असंल."

"पाय माह्या आईचा होता, मॅडम," मी म्हटलं.

त्यांना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या की काम चांगलं आहे, पण तांड्यावरचे पेशंट सांभाळायला पुष्पा आहेच, त्याच कामाला दुसरी पोरगी कशाला, शिवाय कॉलेजवाली. म्हणजे माझ्याच युक्तीने पुष्पा आत गेली होती आणि माझ्याच युक्तीने माझ्यासाठी दार लागलं होतं. मी पर्स उचलली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते रागाचं होतं.

तेवढ्यात सुखीबाईने माझी ओढणी धरली. ही पोरगी रात्री असते का, असं ती विचारत होती. दिवसा पुष्पा असते, पण रात्री आपलं बोलणं कोणालाच कळत नाही, म्हणून ती रात्रभर पाणीसुद्धा मागत नव्हती. मी ते जसंच्या तसं विमलताईंना सांगितलं. त्यांनी ड्युटीचा कागद काढला.

"नाईट करशीन काय? अन मंग झोपशीन कवा?"

"लेक्चरमध्ये," मी म्हणून गेले आणि जीभ चावली. पण विमलताई हसल्या.

अशी माझी पहिली नोकरी लागली, पुष्पाची उरलेली अर्धी. ती दिवसा, मी रात्री. दोघींत एक लॉकर. सकाळी मी पेशंट तिच्या हवाली करायचे, संध्याकाळी ती माझ्या. पहिल्याच पहाटे सुखीबाईने डोळे उघडले आणि विचारलं, "पुष्पा कवा येते?" मी तिच्यासाठी रात्रभर जागी होते.

पुष्पाही काही गोड वागत नव्हती. हवाली करताना तुटक बोलायची, माझ्याकडे बघायची नाही. नोकरीचा तोरा, मी समजले. चौथ्या सकाळी मी पुस्तक आवरत होते तर तिने ते माझ्या हातातून घेतलं, उघडलं, उभ्याउभ्याच एक पान वाचलं.

"सुखीबाई दिवसभर तुह्यंच नाव घेऊन राह्यते," ती म्हणाली. "लय राग येते मले."

मी लॉकर उघडलं.

"मलेही बीएस्सी करायची होती. घरचे म्हणते, नोकरी लागली न, आता कायले शिकते? मी रविवारी नर्सचा ड्रेस घालून येते, तरी तुही माय बीपी दाखवता दाखवता मले तुह्या डिग्रीचंच सांगते."

माझी आई? माझं? पुष्पासमोर? मला पुष्पाची दया यायला हवी होती. आली नाही. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, इतकं की मी हसू लपवायला लॉकरमध्ये डोकं घातलं. त्या आनंदाच्या भरात मी उदार झाले. वाचायचं तर वाच, म्हटलं, आणि पुस्तक लॉकरमध्ये ठेवून कॉलेजला निघून गेले.

संध्याकाळी पुस्तक जागेवर होतं. माझी खूण सहाव्या धड्यात होती. पुष्पाचं पेन आठव्या धड्यात होतं, आणि सातव्याखाली तिने पेन्सिलने प्रश्न काढून ठेवले होते. त्यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक्चरला मी पहिल्या बाकावर बसले आणि शेवटपर्यंत जागी राहिले.