सेरोन बेटावरची वीज

"मीटिंगच्या दिवशी तोंड उघडून उपयोग नसतो गं. आधी एकेकाकडे जा, चहा पी, काय हवंय ते तिथे सांग," वृंदाकाकू कोबेहून फोनवर म्हणाल्या होत्या. तीस वर्षं त्यांची तिथल्या मोत्यांच्या व्यापाऱ्यांत गेलेली. मी हसले होते. "काकू, हा काय मोत्यांचा सौदा आहे? चार देशांची परिषद आहे. तिथे सगळ्यांसमोरच बोलायचं असतं."

एका मालवाहू जहाजाने भर समुद्रातून उचललेली साठ माणसं तेव्हा योकोहामा बंदराच्या गोदामात होती. परत पाठवता येत नव्हती आणि ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं; त्यांचं काय करायचं यासाठीच ती परिषद होती. काहींना हिंदी कळायची, म्हणून मला दुभाष्याचं तासांवरचं काम मिळालं. माझ्या लेकीला, अक्षयाला, पाळणाघरात सोडून मी उरायासुहून ट्रेनने जायचे.

तिथे शोमिरा भेटली. मांडीवर तान्हा मुलगा, त्याची छाती वाजत होती. तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो, अक्षयाची अशीच वाजते. दुसऱ्या दिवशी मी अक्षयाचं जुनं वाफेचं मशीन घेऊन गेले. बाळ शांत झोपलं.

"बाजी, उस जज़ीरे पे बिजली है?" शोमिराने मला ताई म्हणत विचारलं.

सेरोन नावाच्या बेटावर या लोकांना तात्पुरतं ठेवायचं घाटत होतं. व्यवस्था बघणाऱ्या ओगावा-सानना मी विचारलं. जनरेटर आहे, पण फक्त संध्याकाळपुरता. डॉक्टर नाही.

"मग ही दोघं इथेच राहू देत. बाळ बरं होईपर्यंत."

"परिषदेत मांडा ना," ते अदबीने म्हणाले.

घरी माझा नवरा पुष्कर ऐकून म्हणाला, "अगं, आमच्या ऑफिसात स्क्रीनवरचं बटण हलवायचं तरी आधी सहा जणांच्या टेबलाशी जाऊन वाकावं लागतं. नेमावाशी म्हणतात त्याला. मीटिंगमध्ये नुसत्या माना हलवायच्या."

"तुमचं बटण आणि माणसाचं पोर सारखं नाही."

"मला पटतंय. त्यांना पटतंय का बघ."

परिषद बंदरावरच्या हॉटेलात होती. एक प्रतिनिधी मानवतेवर बोलला, दुसरा शेजारधर्मावर. तिसऱ्याने विचारलं, "तात्पुरतं म्हणजे किती?" "परिस्थिती निवळेपर्यंत," असं उत्तर आलं, आणि तो समाधानाने खाली बसला! मग मी हात वर केला. दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं, पण बोलले. एक आई, एक बाळ, एक मशीन. कुणीही मध्ये अडवलं नाही. सगळ्यांनी माना तिरक्या करून छान ऐकून घेतलं, आभार मानले आणि पुढचा विषय घेतला.

तेव्हा माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. खाली धक्क्यावर पांढरं जहाज उभं होतं. क्रेन त्यात तंबूंचे गठ्ठे उतरवत होती. सकाळी मी त्याच्याच शेजारून चालत आले होते.

"ओगावा-सान, जहाज आधीच भरलंय!"

"तयारी असलेली बरी."

"मग मला बोलू कशाला दिलंत?"

"सगळ्यांना संधी द्यायला हवी ना," ते म्हणाले. खरंच तसं वाटत होतं त्यांना.

काकूंनी सांगितलं होतं, मान्य. पण एका पोराच्या श्वासासाठी चार दारांत चहा का प्यावा लागावा? आणि माझं जाऊ दे, शोमिराने कुणाच्या दारात जायचं होतं? तिला गोदामाचंही दार उघडून देत नव्हते.

दोन दिवसांनी जहाज गेलं. मशीन तिने पोटाशी धरलं होतं. त्यानंतर मी फोन करते, तर सगळे "चौकशी करतो" म्हणतात.

सेरोनसमोरच्या बंदरात आपली माणसं आहेत, बँकांत, कंपन्यांत. हे वाचणारं कुणी तिथे असेल तर सामानाच्या बोटीने एकदा जा. कुणाची परवानगी काढत बसू नका. शोमिरा कुठाय विचारा. जपानी मशीन तिथल्या जास्त दाबाच्या विजेवर जळू नये म्हणून सोबत मी ट्रान्सफॉर्मर दिलाय, तो तिला कुणी लावून दिला का बघा. आणि बाळाचं झबलं वर करा. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, तेवढं बघून मला कळवा.